कागदात गुंडाळून द्या

आमचं मेडिकल तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर आहे. सासऱ्यांनी टाकलेलं, आता मी आणि नवरा मिळून बघतो, फार्मसिस्ट मी असल्यामुळे काउंटरवर जास्त वेळ मीच असते. सातारा-सांगली पट्ट्यातलं गाव, ऊस, दूध, दोन कॉलेजं, मंगळवारचा बाजार, सगळे सगळ्यांना ओळखतात. इथे बसून एक गोष्ट रोज दिसते आणि ती लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं. बीपीवाले काका स्टँडवरनंच ओरडतात, "ताई, दोन पानं काढून ठेवा, गाडी लागलीय!" शुगरवाल्या मावशी काउंटरला कोपर टेकून शेजारणीला सांगतात की डॉक्टरांनी सकाळची अर्धी वाढवली म्हणून. मूळव्याधीचं मलम मागायलासुद्धा आता कुणी फारसं लाजत नाही. मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी ज्याच्या खिशात असते तो माणूस मात्र रस्त्यापलीकडे उभा राहतो, दुकानातली गर्दी कमी व्हायची वाट बघतो, मग येतो, आधी एखादं खोकल्याचं औषध किंवा बाम मागतो आणि मी आत वळले की हळूच चिठ्ठी सरकवतो. पूर्वी काळी पिशवी मागायचे, २०१८ ला प्लास्टिकबंदी आल्यापासून "वहिनी, कागदात गुंडाळून द्या" म्हणतात.

चिठ्ठी पण कशी असते सांगते. वरची बाजू फाडलेली. म्हणजे डॉक्टरांचं नाव, डिग्री, पत्ता सगळं गायब, खाली नुसती औषधं. काही जण औषधांची नावं वेगळ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवून आणतात. एक बाई दर महिन्याला येतात आणि स्ट्रिपा इथेच काउंटरवर फोडून गोळ्या कॅल्शियमच्या रिकाम्या डबीत भरून नेतात, कारण घरात सासूबाईंना वाचता येतं. पुष्कळ लोक आमच्याकडे येतच नाहीत, दुसऱ्या तालुक्याला जाऊन घेतात आणि दुसऱ्या तालुक्यातले आमच्याकडे येतात, हे तर मला त्या लोकांच्या एसटीच्या वेळांवरनं कळायला लागलंय. डॉक्टर तर आणखी लांबचे. मिरज, कोल्हापूर, पुणे. मिरजेला जाण्यात एक सोय अशी आहे की तिथे सगळ्याच आजारांचे दवाखाने आहेत, त्यामुळे कुणी विचारलंच तर "गुडघ्याचं दाखवायला गेलो होतो" म्हणता येतं.

त्यात आमचं रजिस्टर. शेड्यूल एच-वन नावाची औषधांची एक यादी आहे, २०१४ पासून लागू झाली, अल्प्राझोलाम, झोलपिडेम वगैरे झोपेची, घबराटीची औषधं त्यात येतात, ही औषधं देताना पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध कुठलं आणि किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं असा नियम आहे. नियम चांगला आहे, ह्या गोळ्यांचा गैरवापर होतो म्हणूनच आहे. पण ते रजिस्टर उघडलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. "नाव कशाला?" "कोण बघतं हे?" "माझ्या भावाचं लिहा ना, तो मुंबईला असतो." मी समजावून सांगते की हे ड्रग इन्स्पेक्टरशिवाय कुणी बघत नाही, तरी काही जण औषध न घेता परत गेलेत. म्हणजे ज्याला गेले चार दिवस झोप नाही तो माणूस, डॉक्टरनी लिहून दिलेलं औषध समोर दिसत असताना, वहीत नाव येईल या भीतीने तसाच घरी जातो. तो आपल्याच गावातला, आपल्याच शेजारचा असतो.

लोकांना वाटतं की लाज ही काय मनातली गोष्ट, त्याने कुणाचं काय बिघडतं. माझ्या धंद्यात बसलेल्या माणसाला विचारा काय बिघडतं.

लिथियमचंच घ्या. बायपोलर म्हणजे ज्यात मन कधी अति उसळतं आणि कधी पार खचतं, त्या आजारावर हे फार जुनं आणि फार चांगलं औषध आहे, १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने त्याचा उपयोग दाखवला आणि आजही ते वापरात आहे. त्याची एकच मोठी अट आहे, रक्तातलं प्रमाण एका अरुंद पट्ट्यात राहायला लागतं. त्याच्या खाली गेलं तर उपयोग नाही, वर गेलं तर विषबाधा, हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब, तोल जातो, बोलणं अडखळतं. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचं, किडनी आणि थायरॉईड बघायचं. आणि हे प्रमाण वाढवणाऱ्या गोष्टी किती साध्या आहेत बघा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी औषधं, आणि उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होणं. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये शेतात राबणारा माणूस, कंबर दुखते म्हणून रोज दोन डायक्लोफिनॅक मागतो, आणि हा लिथियमवर आहे हे मला माहितीच नाही, कारण लिथियम तो मिरजेहून आणतो आणि ही गोष्ट गावातल्या फॅमिली डॉक्टरलासुद्धा सांगितलेली नाही!

असे एक जण आलेले. वयाने माझ्या थोरल्या दिरांएवढे, ऊस तोडून सरळ आलेले, गुडघ्यासाठी गोळी मागत होते आणि पैसे देताना हात थरथरत होता. मी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? नाही म्हणाले. परत विचारलं, बीपी, शुगर, काहीही? नाही. त्यांची मुलगी मागे उभी होती, ती माझ्याकडे बघून काही न बोलता, औषध चालू आहे अशा खुणेने नुसती मान हलवत होती. मी नवऱ्याला काउंटरवर थांबवलं, त्यांना बाजूला खोक्यांच्या मागे नेलं आणि म्हंटलं दादा, मला कुणाला सांगायचं नाहीये, पण हात थरथरतोय म्हणून विचारते. मग सांगितलं त्यांनी. दुखण्याची गोळी मी दिली नाही, मिरजेच्या डॉक्टरांना तिथनंच फोन लावून दिला, त्यांनी लगेच रक्त तपासायला सांगितलं, त्या दिवसाचा डोस थांबवायला सांगितला. पुढे सगळं नीट झालं. पण मुलगी तिथे नसती आणि मीच घाईत असते तर? ही गोष्ट मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक केमिस्टला सांगते. माणूस आजारापेक्षा लपवण्यामुळे जास्त धोक्यात येतो हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मग लपवतात कशासाठी? मला विचाराल तर ह्याचं मूळ लग्नात आहे. नोकरी, शेजारपाजार, भावकी, हे सगळं आहेच, पण खरी भीती एकच की घरात एकाला असलं काही आहे हे कळलं तर बाकीच्यांचीही लग्नं अडतील. "त्यांच्यात आहे ते" असं एक वाक्य कुणीतरी सोयरीक जमवणाऱ्याच्या कानात टाकलं की झालं.

एका मुलीचं सांगते, ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत. ग्रॅज्युएट मुलगी, बायपोलर, औषधांवर अगदी छान चाललेलं, क्लासेसमध्ये शिकवायची. तुळशीचं लग्न झालं की पाहुणे बघायला येणार म्हणून आईने दिवाळीच्या आधीच गोळ्या बंद केल्या. आई दुकानात येऊन मला म्हणाल्या की वजन वाढलंय, चेहरा सुजल्यासारखा दिसतो, आणि तसंही दोन वर्षं काही झालेलं नाही म्हणजे बरीच झालीय की ती. मी म्हंटलं काकू, काही झालं नाही ते गोळ्या चालू आहेत म्हणूनच. त्यांना पटलं नाही. साखरपुड्याच्या आधी मुलीची झोप गेली, मग बोलणं वाढलं, मग रात्री-अपरात्री घराबाहेर, आणि ज्या गोष्टीची भीती होती ती सगळ्या आळीने बघितली. त्या माऊलीला मी दोष देत नाही. तिला कुणी सांगितलं होतं की मुलगी अशीच खपवावी लागते, तिने ते केलं. मुलगी आता परत औषधं घेते, बरी आहे, कामाला जाते.

ह्यात आणखी एक गोष्ट कुणाला माहिती नसते. बायपोलरला सोडियम व्हॅल्प्रोएट नावाचं औषध बऱ्याचदा देतात आणि ते गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून मुलीचं लग्न ठरायच्या आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं का ते बघायला लागतं. स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, बोलून बदलायचं. आता जिथे नवऱ्यालाच माहिती नाही तिथे ही नवीन नवरी कुणाला घेऊन डॉक्टरकडे जाणार आहे?

कायद्याचं बोलायचं तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार अजून घटस्फोटाच्या कारणांमध्ये आहे. पण त्याच कायद्यात आधी फेफरंसुद्धा लग्नाच्या आड येत होतं, म्हणजे एपिलेप्सी, ते १९९९ साली काढलं. कुष्ठरोग घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ ला काढलं. दोन्ही आजारांबद्दल आपल्या आज्या-पणज्या काय बोलायच्या आठवा, आणि आज फिट येणाऱ्या मुलाला आपण न्यूरोलॉजिस्टकडे नेतो आणि चारचौघांत सांगतो. म्हणजे बदलतं हे. मानसिक आजाराच्या बाबतीतही नुसतं नाव लागलं म्हणून घटस्फोट मिळतो असं नाही, सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच एका स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे ज्यात भास होतात, संशय येतात त्या आजाराच्या केसमध्ये सांगितलंय की आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे आणि त्याच्यासोबत राहणं खरंच अशक्य आहे का हे दाखवायला लागतं. उलट आजार लपवून लग्न लावलं तर फसवणूक झाली म्हणून लग्नच रद्द करा असा अर्ज समोरचा करू शकतो. म्हणजे ज्या भीतीने आपण लपवतो ती गोष्ट लपवल्यामुळेच घडायची शक्यता जास्त. हे मी आता प्रत्येक आईला सांगते, काहींना आवडत नाही, तरी सांगते.

आता गोळ्यांबद्दल. आमच्याकडे मनाच्या सगळ्या गोळ्यांना "झोपेच्या गोळ्या" म्हणतात आणि तिथेच अर्धा घोळ होतो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन ह्या डिप्रेशन आणि चिंतेच्या आजारावरच्या गोळ्या, ह्या झोपेच्या नाहीत आणि ह्यांची नशेसारखी सवयही लागत नाही. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वेगळ्या, त्यांची सवय लागू शकते म्हणून डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात आणि हळूहळू कमी करतात. लोकांनी ह्या दोन्ही एकाच टोपलीत टाकल्या. आणि गंमत म्हणून सांगत नाही, खरंच वाईट वाटतं, की ज्याचं अॅडिक्शन व्हायची भीती नाही ते औषध लोक पंधरा दिवसांत बंद करतात आणि जे जपून घ्यायचं ते मात्र "तीच मागची द्या ना ताई, चिठ्ठी हरवली" म्हणून मागत राहतात.

दुसरी अडचण म्हणजे डिप्रेशनच्या गोळीचा गुण लगेच येत नाही. दोन ते चार आठवडे जायला लागतात, कधी त्याहून जास्त, आणि सुरुवातीच्या दिवसांत मात्र मळमळ, डोकं जड, पोट बिघडणं, क्वचित अस्वस्थपणा वाढणं हे सगळं होतं. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. ज्याने आधीच लपवून-छपवून, मन मारून औषध सुरू केलंय त्याला पहिल्या आठवड्यात मळमळायला लागलं की तो म्हणणारच, बघा, म्हणूनच नको म्हणत होतो. घरात कुणाला माहिती असेल तर कुणीतरी म्हणेल की अरे थांब जरा, डॉक्टरला फोन कर, होईल कमी. घरात कुणाला माहितीच नसेल तर तो एकटाच ठरवतो आणि गोळ्या गटारात जातात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने तरी चालू ठेवायला सांगतात डॉक्टर, काहींना त्याहून जास्त, आणि बंद करताना पण एकदम नाही, पायरीपायरीने. सगळ्यांनाच जन्मभर घ्याव्या लागतात हे खोटं आहे आणि बरं वाटलं की सोडायच्या हेही खोटं.

देवऋषाचं लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. अमावास्येला आमच्या स्टँडवरनं ज्या गाड्या भरून जातात त्यातल्या किती लोकांच्या घरी कुणीतरी बोलायचं बंद झालंय, कुणाला आवाज ऐकू येतायत, हे मला चिठ्ठ्यांवरनं माहितीये, कारण तेच लोक वर्ष-दोन वर्षांनी डॉक्टरकडे पोचतात. माझ्या मते लोक अडाणी म्हणून देवऋषाकडे जातात असं नाही, शिकलेले पण जातात. जातात कारण "बाहेरचं" असलं की त्यात घराण्याला बट्टा नाही. कुणीतरी केलंय, आपल्यात काही नाही, असं होतं. डॉक्टरकडे गेलं की आजार आपला होतो. मी कुणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही, देवाला जा, नारळ वाहा, मन शांत होतं त्याने, माझं एकच म्हणणं असतं की गोळी बंद करू नका. पण मारझोड, केस ओढणं, चटके देणं, धुरी देऊन कोंडणं हे काही श्रद्धेत येत नाही, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यात हे गुन्हे आहेत. आणि साखळीला बांधून ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरळ बंद केलंय. ह्या साखळीपायी किती मोठं पाप झालंय ते ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगते, तमिळनाडूत एरवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या झोपड्या होत्या, ६ ऑगस्ट २००१ ला पहाटे तिथे आग लागली आणि २८ जण मेले. पळता आलं नाही कारण साखळ्या होत्या. त्यांना तिथे सोडून आलेले त्यांचे घरचेच होते, आणि त्या घरच्यांनाही गावात कुणी विचारू नये असंच वाटत असणार.

बंगलोरच्या निम्हान्स ह्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर सर्व्हे केला होता. मोठ्या माणसांत १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि वेगवेगळ्या आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. डॉक्टर कमी आहेत, लांब आहेत, हे कारण आहेच, आमच्या अख्ख्या तालुक्यात एकही मनोविकारतज्ज्ञ रोज बसत नाही. तरी डॉक्टर आणून बसवला तरी त्याच्या पायऱ्या चढताना कोण बघेल ही भीती गेल्याशिवाय काय होणार?

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. कॉलेजची मुलं फेरी काढतात, फलक धरतात, आमच्या दुकानासमोरनंच जाते ती फेरी, आणि त्या मुलांचं मला कौतुक आहे, त्यांच्या मनात खरंच असतं. पण फलकाने ती डबीत गोळ्या भरणारी बाई डबी टाकून देणार नाही. कशाने टाकेल ह्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात एकदा मिळालेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, शेतकरी आत्महत्या जिथे होतात असा भाग तो, तिथे गावातल्याच लोकांना ट्रेनिंग दिलं, त्यांनी छोट्या छोट्या गटांच्या बैठका घेतल्या, लोकांच्या भाषेत टेन्शनबद्दल बोलले, गरज लागेल त्याला समुपदेशक आणि त्याच्याही पुढे लागलं तर डॉक्टर. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण मदत घेत होते, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के. दीड वर्षाने ते २७.२ टक्के झाले. माणसं तीच, गावं तीच, फक्त बोलणारा माणूस ओळखीचा होता. २०२२ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या कमिशननेही जगभरातले अभ्यास बघून हेच म्हंटलंय, की कलंक कमी करायला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो ज्याने हा आजार भोगलाय त्या माणसाच्या थेट भेटीचा, त्याच्या तोंडून ऐकण्याचा.

डॉ. जगन्नाथ वाणींचं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. मूळ धुळ्याकडचे, कॅनडात कॅलगरी युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. असा माणूस सहज गप्प बसू शकला असता, परदेशात कोण विचारायला येतंय. ते उघडपणे बोलले, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, तिथे पेशंट आणि त्यांचे घरचे एकत्र बसून बोलतात. घरच्यांनी एकत्र बसणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळेल. आमच्या गावातला एक मुलगा आणि त्याचे वडील असल्या एका गटाला जातात, वडील मला म्हणाले, "वहिनी, तिथं गेल्यावर पहिल्यांदा मला कुणी तरी विचारलं की तुम्ही जेवलात का वेळेवर." बाकी सगळे त्यांना काय विचारायचे, तर मुलगा अजून तसाच आहे का.

आमच्याकडे जे झालं ते ह्याच्यापुढे फार छोटं आहे. रिटायर झालेल्या एक प्राथमिक शिक्षिका आहेत, अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलीय, त्यामुळे त्यांना कुणी उलटून बोलत नाही. बाजारच्या दिवशी, दुकानात सात-आठ माणसं उभी, त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "अगं माझी डिप्रेशनची गोळी संपलीय, आणि बीपीची पण दे." एक क्षण सगळे गप्प. मी काही वेगळं न दाखवता दोन्ही पानं काढली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला डिप्रेशन?" त्या म्हणाल्या, "हो, हे गेल्यावर. खाणं-पिणं सुटलं होतं, रडू पण येत नव्हतं. आता बरंय, गोळी चालू आहे, मिरजेला जाते दर दोन महिन्यांनी." आणि मग कोथिंबिरीचा भाव किती वाढलाय ह्यावर बोलायला लागल्या. एवढंच. त्याच संध्याकाळी दुकान बंद करताना एक बाई आल्या, सकाळी गर्दीत उभ्या होत्या त्यातल्याच, आणि मला म्हणाल्या की बाई कुठल्या डॉक्टरकडे जातात ते लिहून देता का, माझ्या सुनेला बाळंतपणानंतर कसंतरीच झालंय, बाळाला घेत नाही. मी बाईंना विचारूनच पत्ता दिला. आता बाईच कधी कधी सोबत जातात लोकांच्या, एसटीने, डबा घेऊन.

बाळंतपणानंतरचं डिप्रेशन हा तर वेगळा विषय आहे, त्यावर एकदा सविस्तर लिहीन. सासूने स्वतःहून सुनेसाठी विचारलं ह्याचा मला किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येत नाही.

थोडं कामाचं लिहून थांबते. डॉक्टर लांब आहे, कुणाला सांगायची हिंमत नाही, तर १४४१६ ह्या नंबरला फोन करा. टेली-मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणत असेल तर "असं बोलू नये" म्हणून गप्प बसवू नका, त्याला एकटं सोडू नका, बसा शेजारी आणि तुम्हीच नंबर लावून द्या. पोलीस केस होईल ह्या भीतीने लोक दवाखान्यात पण नेत नाहीत, तर २०१७ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा नाही, काळजी आणि उपचार द्यायचे. सिव्हिलला मानसिक आजाराची ओपीडी असते, औषधं तिथे फुकट मिळतात, वार विचारून जा. मेडिक्लेम असेल तर मानसिक आजारालाही बाकीच्या आजारासारखाच विमा द्यायचा हे त्याच कायद्यात आहे, एजंट नाही म्हणाला तर लेखी मागा. आजार जुना आणि जास्त असेल तर अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं, त्याच्यावर काही सवलती आहेत, सिव्हिललाच चौकशी करायची.

आणि माझ्यासारखे जे काउंटरच्या ह्या बाजूला बसतात त्यांना विनंती. चिठ्ठी हातात आल्यावर आवाज खाली करू नका आणि वर पण करू नका, बीपीच्या गोळीला करता तोच ठेवा. "हे कुणासाठी?" असं डोळे बारीक करून विचारू नका, औषध समजावून सांगायला विचारताय हे आधी सांगा. आम्ही काउंटरच्या टोकाला एक स्टूल टाकलंय आणि समोर औषधांची खोकी अशी रचलीत की तिथे बसलेल्या माणसाचा चेहरा रस्त्यावरनं दिसत नाही, तिथे कुणालाही बसवतो, शुगरवाल्यांना पण, म्हणजे तिथे बसलं की अमुकच आजार असं कुणी म्हणू शकत नाही. कागदात गुंडाळून मागितलं तर गुंडाळून द्या, हुज्जत घालू नका, हिंमत यायला वेळ लागतो माणसाला. फक्त सोबत एवढं सांगा की पुढच्या वेळी चिठ्ठी न फाडता आणा, वरती डॉक्टरांचा फोन नंबर असतो, कधी डोसचं काही विचारायचं झालं, एखादं औषध दुसऱ्याशी जमत नाही असं दिसलं, तर मला त्याच नंबरवर फोन करायचा असतो.